डाव्या कानावरचा वण

माझ्या डाव्या कानाच्या वरच्या कडेला एक गुळगुळीत, गुलाबीसर वण आहे. आता तो बराच बसलाय. एके काळी तो बोराएवढा होता, आणि त्याच्या कृपेने सासरच्या गावात माझं नाव झालं होतं, की सून शिकलेली असूनही डोक्यावरचा पदर पडू देत नाही. मर्यादा वगैरे काही नव्हतं. मी कान झाकत होते.

सुरुवात बुगड्यांपासून झाली. लग्नानंतर आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, स्वतःच्या कानातल्या बुगड्या काढून माझ्या हातावर ठेवल्या. माझ्या कानाला फक्त पाळीला भोकं होती; बुगडीला वरच्या कडेला लागतात. मी म्हटलं, राहू द्या. पण ‘राहू द्या’ हे शब्द आत्याबाईंना ऐकूच येत नाहीत. त्यांनी मला वसमतच्या सोनाराकडे नेलं आणि दोन्ही कान टोचून आणले. उजवा यथावकाश बरा झाला. डावाही भरला, पण भरून थांबला नाही. भोकाच्या जागी आधी तुरीचा दाणा आला, मग चिंचोका. खाज अशी सुटायची की शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता माझा हात कानाकडे जायचा आणि पोरं हसायची.

घरच्यांनी निदान केलं, चामखीळ. त्यावर आमच्याकडे ठरलेला इलाज आहे: घोड्याच्या शेपटीचा केस करकचून बांधायचा, म्हणजे ती वाळून गळून पडते. आता गावात घोडा कुठला? एक वरात आली तेव्हा आत्याबाई चार माणसांत घोडेवाल्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि केस घेऊनच परतल्या. नवरदेव वर बसून बघत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गळून तर काही पडलं नाहीच. कान सुजला, चिघळला, आणि पुन्हा भरला तेव्हा वण बोराएवढा झालेला. त्यानंतर मी आत्याबाईंना टाकून बोलायची एकही संधी सोडली नाही. त्या मुकाट्याने ऐकून घ्यायच्या, त्यामुळे मला आणखीच राग यायचा.

शेवटी नांदेडला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मुलगी तेव्हा वर्षाची होती, आत्याबाईंच्या कडेवर. माझ्या कानाच्या धांदलीत तिचे कान टोचायचे राहून गेले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, याला केलॉईड म्हणतात. चामखीळ नाही, कॅन्सर नाही, कुणाला लागण होत नाही. काहींच्या कातडीला जखम भरली की थांबायचं कळत नाही, ती जखमेच्या हद्दीबाहेर वाढत राहते. नुसतं कापलं तर बहुधा पुन्हा येतं, कधी आधीपेक्षा मोठं. मग त्यांनी विचारलं, माहेरी कुणाला असं आहे का? मला आईचा दंड आठवला. लहानपणी देवी टोचलेल्या जागी तिला शेंगेएवढा फुगीर वण आहे, त्यावर डोकं टेकवून मी झोपायची. तो आजार असेल असं आम्हाला कधी वाटलंच नाही.

“मग हिचे कान टोचताना विचार करा,” डॉक्टरीणबाई मुलीकडे बघून म्हणाल्या. “होईलच असं नाही. पण होऊ शकतं.”

दर महिन्याला त्या वणातच इंजेक्शन घ्यायचं होतं. वण टणक, औषध आत शिरता शिरत नाही. बाळंतपणात ओरडले नव्हते तेवढी मी तिथे ओरडले. रोज जेल लावून चोळायचं कामही होतं. ते मला आरशात बघून जमेना, तेव्हा आत्याबाईंनी न विचारता अंगावर घेतलं. हळद काढून काढून खरखरीत झालेली त्यांची बोटं, पण कानावर इतकी हलकी फिरायची की मला डुलकी लागायची. तोंडाने मात्र मी टाकून बोलणं सोडलं नव्हतं. वण हळूहळू बसत गेला, खाज थांबली. पूर्ण गेला नाही, जाणारही नव्हता.

मुलगी बालवाडीत जायला लागली आणि तिने कानातल्यांचा धोशा लावला. वर्गात सगळ्यांना आहेत, मलाच नाहीत. खरं सांगते, मलाही हवं होतं. होईलच असं नाही, हे डॉक्टरीणबाईंचं अर्धं वाक्य मी घट्ट धरून बसले होते. आत्याबाई मात्र ‘न्हाई’ म्हणाल्या, आणि मला ते झोंबलं.

कुरुंद्याला नणंदेच्या मुलाचं जावळ होतं. बाळाचे कान टोचायला सोनार आलेला. मीही मुलीला मांडीवर घेऊन त्याच्यासमोर बसले. आत्याबाईंनी येऊन माझा खांदा धरला.

“ऊठ.”

“माह्या टायमाला काहून न्हाई वाटलं असं? मी परक्याची म्हणून?” सगळ्यांसमोर माझ्या तोंडून गेलं.

त्या खाली बसल्या, मुलीची बाही वर सारली आणि माझं बोट धरून तिच्या दंडावर टेकवलं. बाळपणीच्या लशीचा वण. मला तो बघून माहीत होता, हाताला माहीत नव्हता. सकाळी मी शाळेच्या घाईत, अंघोळ रोज आत्याबाईच घालायच्या. वण फुगीर होता, टणक होता. अगदी माझ्या कानासारखा.

“तवा मला काई कळत नव्हतं, बाई,” त्या हळूच म्हणाल्या. “तुहा कान चोळून चोळून कळलं. माह्यामुळं तुला लई तकलीफ झाली. आता या लेकराचा कान चोळायचं बळ माह्यात न्हाई.”

मला रडू आलं. मी उठले. कानातली हुकली म्हणून मुलीने भोकाड पसरलं, तशी तिला छातीशी धरली. जमलेल्या बायकांतली एक म्हणाली, “पोरीची जात, कान असे मोकळे कसे ठेवता?”

“आमच्या घरात पोरींचे कान टोचत न्हाईत,” आत्याबाई म्हणाल्या.

“कवापासून?”

“आजपासून,” म्हणाल्या, आणि मला हाताला धरून पंगतीत घेऊन गेल्या.