डाव्या बाजूचं बटण

पाणी गुडघ्याला लागलं होतं आणि माझे धाकटे दीर कांद्याच्या चाळीत एका मशीनला मिठी मारून उभे होते. बाहेर अख्खं सायखेडं गुरं सोडत होतं, धान्याच्या कोठ्या माळ्यावर चढवत होतं, म्हाताऱ्यांना पाठकुळी घेऊन देवळाकडे नेत होतं. मी रिकाम्या गोण्या खांद्यावर टाकून चाळीत आले होते आणि भाऊजी, कांदा भरा, म्हणून घसा फोडत होते. त्यांनी मान वळवली नाही. "वहिनी," ते म्हणाले, "पाय धरा." माझे नाही, मशीनचे. गोदावरीच्या, म्हणजे आमच्या गंगेच्या दोन्ही काठांना, नाशकापासून पार खालपर्यंत, इतका हट्टी, इतका बिनकामाचा आणि तरी इतकं गोड बोलून माणसाचं डोकं फिरवणारा दुसरा कुणी झाला नसेल. आणि तो नेमका माझ्या पदरात पडला.

मशीन म्हणजे पिनबॉलचं. आम्ही त्याला गोळीचं मशीन म्हणायचो. चार पायांवर उभी, काचेची, उतरती पेटी. आत एक लोखंडी गोळी. ती वर उडवायची, ती वाटेत खांबांना आपटते, दिवे लागतात, घंटा वाजतात, आकडे फिरतात. खाली यायला लागली की दोन बाजूंची दोन बटणं दाबायची, आतले दोन पंजे हलतात आणि गोळी पुन्हा वर जाते. असं किती वेळ, तर गोळी खाली पडेपर्यंत. आणि ती पडतेच. जी वस्तू शेवटी खाली पडणारच, तिच्यासाठी शहाणीसुरती माणसं खिशातलं नाणं घालतात हे मला आयुष्यात समजलं नाही. माझी शाळा चौथीपर्यंतची, पण एवढा हिशेब पहिलीतही येतो.

हे पहिलं मशीन आमच्या घरी आलं तेव्हा गावात केबल नुकतीच आली होती. विहिरीवरची मोटार जळली होती आणि पिकाला पाणी द्यायचं होतं, म्हणून आमच्या मालकांनी भाऊजींना पैसे देऊन नाशकाला पाठवलं. संध्याकाळी टेम्पो दारात आला. त्यातून चौघांनी मिळून हे धूड उतरवलं. देवळाली कॅम्पातलं कुठलंसं जुनं हॉटेल बंद पडलं होतं, त्याचं सामान भंगारात चाललं होतं, ते भाऊजींनी वजनावर उचललं. मी विचारलं, मोटार कुठे. भाऊजी शांतपणे म्हणाले, "वहिनी, ह्याच्यात पण एक मोटार हाय." मी मालकांकडे पाहिलं. ते तोंडातून शब्द काढायचे तर बाजारभाव सांगायला, असा माणूस. आता ते भावाला झोडपतील म्हणून मी बाजूला सरकले. ते मशीनभोवती एक फेरी मारून आले, काचेवर बोट फिरवलं आणि म्हणाले, चाळीत ठेव, घरात जागा नाही. एवढंच. मोटार आणायला दुसऱ्या दिवशी ते स्वतः गेले. मला तेव्हाच संशय यायला पाहिजे होता.

चाळ म्हणजे कांदा साठवायची जागा, दगडी चौथऱ्यावर उभी, भिंतींना पट्ट्या, मध्ये फटी, म्हणजे वारा खेळता राहतो आणि उन्हाळ कांदा पावसाळाभर टिकतो. कांद्याला जे मानवतं ते मशीनला मानवणार, असं भाऊजींचं शास्त्र. आमच्याकडे कुठलीही गोष्ट टिकवायची म्हटलं की माणूस चाळीकडेच बघतो. पण कांद्याची टरफलं मशीनच्या पोटात जायची, उंदीर तारा खायचे, आणि घंटेच्या जागी कधी कधी नुसती खरखर यायची. मग भाऊजी माझं जुनं, मऊ झालेलं लुगडं फाडून आतला एकेक दिवा पुसत बसायचे. लग्न त्यांनी केलं नाही. एकदा मुलगी बघायला गेले, तर तिच्या वडिलांच्या दुकानातला जुना वजनकाटा उघडून बसले आणि मुलीकडे बघायचं राहून गेलं.

गावाला मात्र त्यांचं कौतुक. दिवाळीत सरपंच खेळायला आले. गोळी खाली यायला लागली तशी त्यांनी पोटाने मशीनला धक्का दिला. त्या मशीनला धक्का सोसत नाही, दिला की सगळं बंद पडतं. दिवे गेले, घंटा गेल्या. भाऊजी म्हणाले, "सरपंच, इथं जोर चालत नाय, रुसतं ते." पुढच्या निवडणुकीत विरोधकांनी हेच वाक्य गावभर फिरवलं आणि सरपंच पडले. तेव्हापासून ते घराणं आमच्या कुठल्या कार्याला येत नाही.

खेळायला चार आण्याचंच नाणं लागायचं. ती नाणी बाजारातून जायला लागली तसे भाऊजी किराणावाल्याकडून, देवळातल्या पुजाऱ्याकडून, माझ्या डब्यातून ती गोळा करू लागले. शेवटी चार आणे रुपयाला विकत घेत होते. आणि इतकं करून खेळायचे कसे, तर एका हाताने. उजवं बटण दाबायचे, डाव्याला हातच लावायचे नाहीत. डावा हात पाठीमागे. गोळी डाव्या बाजूने आली की सरळ खाली. मी दहादा सांगितलं, भाऊजी, दोन बटणं आहेत. ते हसायचे. मला वाटायचं, सगळ्याच बाबतीत अर्धवट, तसं यातही.

मालक गेले आणि भाऊजींचं वेड वाढलं. आधी एक मशीन होतं, त्याची तीन झाली. त्याच सुमाराला मुंबई-पुण्याकडे या मशीनांना भाव यायला लागला. ज्यांनी लहानपणी कुठल्या क्लबात, कुठल्या इराण्याच्या हॉटेलात ही गोळी उडवली होती ती पोरं आता साहेब झाली होती. घरात गाडी आली, गालिचा आला, आता त्यांना लहानपण पाहिजे होतं, आणि ते मोजून द्यायला तयार होते. जे मशीन वजनावर मिळायचं ते वासराच्या किमतीला गेलं, मग दुभत्या म्हशीच्या, मग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या. भाऊजी रोज सकाळी मला आधी कांद्याचा भाव सांगायचे आणि मग मशीनचा. महागाईच्या नावाने बोटं मोडायचे, काय लोक हायेत वहिनी, जुन्या लोखंडाला सोन्याचा भाव केला. आणि तो भाव केला कुणी, तर यांनीच. मालेगावच्या भंगारवाल्याकडे जाऊन मशीन दिसताच डोळ्यांत पाणी आणायचे. समोरचा काय खुळा आहे. तो तिथल्या तिथे किंमत दुप्पट करायचा. पुढे पुढे तर भंगारवाले यांना चहा पाजून, आधी रडू द्यायचे आणि मग किंमत सांगायचे.

माझ्या मुलाला, सुनीलला, नाशकात कंपनीत नोकरी. त्याने मुंबईचं एक गिऱ्हाईक शोधून आणलं. अर्धी चड्डी घातलेला, साधारण पन्नाशीचा गृहस्थ. त्याने पहिलं मशीन उघडलं, वाकून आत डोकं घातलं आणि डोळे पुसत बाहेर आला. भाऊजींना वाटलं, आठवणी दाटल्या. कांद्याने झोंबलं होतं. तरी त्याने किंमत सांगितली, आणि ती ऐकून मी पदर सावरला. त्यात आणखी एक चाळ उभी राहिली असती. भाऊजी म्हणाले, "आज नको. भाव अजून चढंल."

हे आमच्या मातीचंच दुखणं. कांदा भरून ठेवायचा आणि उद्याच्या भावाची वाट बघायची. पण कांद्याला निदान कोंब फुटतो, तो सडतो, त्याचा वास सुटतो, म्हणून माणूस कधीतरी शहाणा होऊन विकून टाकतो. लोखंडाला कोंब फुटत नाही. त्यामुळे भाऊजींची सुटका नव्हती. तो गृहस्थ दर वर्षी यायचा, दर वर्षी किंमत वाढवायचा, दर वर्षी आमच्याकडे जेवून जायचा. आणि अर्धी चाळ मशीनांनी अडवल्यामुळे माझा अर्धा कांदा दर वर्षी काढल्या काढल्या पडत्या भावात जायचा. नंतर भाव चढला की मी मशीनांकडे बघायचे आणि भाऊजी छताकडे.

शेवटी मी त्यांना समोर बसवलं. सांगितलं, चाळ माझी आहे, मालक गेल्यापासून माझं पोट त्या कांद्यावर आहे. एक तर मशीनं जातील, नाही तर मी सुनीलकडे जाईन आणि तुम्ही मशीनं भाजून खा. भाऊजी चाळीत जाऊन तिन्ही मशीनं पुसून आले. मग म्हणाले, गणपती झाल्यावर टेम्पो बोलवा. त्या वर्षी कांद्याचा भावही वर चालला होता. मला वाटलं, या वेळी दोन्ही साधलं.

गणपतीच्या आधीच गंगेला पाणी आलं.

धरणातून पाणी सोडल्याचं लाऊडस्पीकरवरून सांगत होते. तासाभरात ते घाट चढून गावात आलं. आमचं घर उंचावर, चाळ नदीच्या बाजूला. म्हणून मी गोण्या घेऊन गेले होते. जितका भरून वर नेता येईल तितका कांदा न्यायचा, बाकी गंगेचा. आणि भाऊजी तिथे मशीनला धरून. तिन्हींना नाही, त्या पहिल्यालाच. ट्रॉलीच्या किमतीची दोन मशीनं मागे पाण्यात उभी होती, त्यांच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

मी म्हणाले, "भाऊजी, सोडा ते. ह्या भंगारापायी मरायचंय का?"

"वहिनी, हे भंगार नाय. हे आमचं हाय. माझं आणि दादाचं."

पाणी मांडीला आलं होतं आणि या माणसाला तेव्हा बोलायला सुचलं. कांदा नाशकाच्या बाजारात टाकला की दोघे भाऊ देवळालीला जायचे, म्हणाले. कॅम्पातल्या त्या हॉटेलात. खिशात चार आणेच, म्हणजे दोघांत एकच डाव. मग डावं बटण दादाचं, उजवं भाऊजींचं. "दादा लय वरडायचा, वहिनी. गोळी वर गेली का नाचायचा. लोक बघायचे."

माझा नवरा कधी मोठ्याने हसलेला मी पाहिला नव्हता. लग्नात सुद्धा नाही. आणि लग्नानंतर कितीतरी वर्षं, बाजाराच्या दिवशी दिवेलागणीनंतर घरी यायचा, भाकरी गार झालेली असायची, आणि विचारलं की एकच उत्तर, लिलावात गाडीचा नंबर उशिरा लागला.

"म्हणजे नंबर उशिरा लागायचा," मी म्हणाले, "तो ह्याच्यापायी?"

भाऊजींनी मान खाली घातली. "दादा म्हनला होता, वहिनीला सांगू नको."

इतकी तळपायाची आग पाण्यात उभी असताना कुणाच्या मस्तकात गेली नसेल. ज्याच्यावर चिडायचं तो कधीच निघून गेला होता. मी गोण्या फेकल्या आणि मशीनचा पाय धरला. भाऊजींनी पाण्यात हात घालून पुढचे दोन पाय सोडवले, पुढची बाजू आम्ही कांद्याच्या ढिगावर टेकवली आणि मागून खांदे लावून ढकलत राहिलो. कांदे घरंगळून पाण्यात पडत होते, मी शिव्या घालत होते, काही भाऊजींना, काही मालकांना. ते धूड एकदाचं ढिगावर चढलं आणि कांद्यांत रुतून बसलं. आम्हीही वर चढून त्याच्या दोन बाजूंना बसलो, कारण आता खाली उतरायची सोय राहिली नव्हती. गावातल्या पोरांनी दोर टाकून आम्हाला काढलं तेव्हा पाणी ढिगाच्या निम्म्याला आलं होतं.

खालचा कांदा सडला, वरचा कसाबसा विकला. भाव त्या वर्षी कधी नव्हता इतका चढला, ते सांगून उपयोग नाही. चाळ मोडली, विहिरीवरची मोटार गेली, मागची दोन मशीनं चिखलाने भरली. मुंबईच्या गृहस्थाने ती सुट्या भागांसाठी नेली, आणि पहिल्यासाठी त्याने जी किंमत सांगितली त्यात चाळ, मोटार, सगळं परत उभं राहिलं असतं. त्याने काच वर करून पाहिलं आणि म्हणाला, कमाल आहे, उजवी बाजू पार झिजली आहे आणि डावी तेवढी नाही, इतकी वर्षं ती वापरलीच नाही का कुणी? भाऊजींनी पहिल्यांदाच भाव चढण्याबद्दल काही म्हटलं नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, "वहिनी म्हनतील तसं." कांदा गेल्याचं ओझं त्यांच्या मानेवर होतं. द्यायला ते तयार होते.

मी म्हणाले, आज नको.

गृहस्थ जेवून गेला. सुनील महिनाभर माझ्याशी धड बोलला नाही. मशीन आता घरात, ओसरीवर आहे, आणि मला जाता येता त्याचा कोपरा लागतो. संध्याकाळी भाऊजी एक चार आणे घालतात आणि उजव्या बाजूला उभे राहतात. मी डाव्या बाजूला. माझं बटण नेहमी उशिरा दाबलं जातं आणि गोळी खाली जाते. भाऊजी म्हणतात, "असू द्या, वहिनी. दादा पण पहिल्या पहिल्यांदा चुकायचा." तो चुकायचा हे तरी मला कुठे ठाऊक होतं.

पुराच्या दिवशी चाळीत दोनच माणसं होती, माझे धाकटे दीर आणि मी. दोघंही वाचलो, आणि मालकांचं डावं बटणही.