संगीतानं उलटा केलेला पाऊस

संगीताचे वडील, तात्याबा, मेंढरं राखत म्हातारे झाले. घर कडा नावाच्या गावाजवळ, पण पाय गावात टिकले नाहीत. कुठलं रान कुठं आहे हे सांगायचं झालं, की ते काठीनं मातीत रेघा ओढत. घाट वरच्या अंगाला, गंगथडी, म्हणजे नदीकाठचं रान, खाली, पायाशी. पाणी वरून खाली उतरतं तसं रान मातीत काढायचं, ही त्यांची रीत. संगीता ते बघत वाढली.

आता ती अंबाजोगाईला एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये मदतनीस आहे. प्रोग्रॅम लिहायची पायथन भाषा व्हिडिओ बघून शिकली. पावसाचे आकडे चौकटी-चौकटींत मिळतात. जिल्ह्यावर जाळी टाकावी, आणि प्रत्येक घरात एक आकडा असावा, तसे. यंदा तिनं पहिल्यांदाच त्यांचा रंगीत नकाशा काढला आणि मेंढपाळांच्या ग्रुपवर टाकला. हिरवं तिथं पाऊस. गेवराईच्या अंगाला गडद हिरवं होतं.

ऑगस्ट कोरडा चालला होता. थोरला भाऊ परमेश्वर त्या हिरव्याकडं दीडशे मेंढरं घेऊन निघाला. आठव्या मुक्कामावरून त्याचा फोन आला.

"संगे, कुठंय तुजं हिरवं? हितं काडी न्हाई. कोकरं बसली की उठंनात."

"दादा, तिथं साठ मिलिमीटर दाखवतंय."

"मंग मिलिमीटर चारू का मेंढरांना? पुढं जाऊ का मागं फिरू, तेवढं सांग."

"दुपारपर्यंत थांब."

ती बसली. प्रोग्रॅम काहीच तक्रार करत नव्हता, हीच अडचण होती. तिनं फाईल पुन्हा उतरवली. तारखा तपासल्या, अक्षांश-रेखांश तपासले, तालुक्यांच्या सीमा तपासल्या. सगळं बरोबर. पोरं येऊन प्रॅक्टिकल करून गेली. तिचे डोळे चुरचुरायला लागले, मान आखडली. शेवटी तिनं सगळ्या चौकटींत शून्य भरलं आणि ती बसली होती त्या अंबाजोगाईच्या चौकटीत तेवढे शंभर टाकले.

ठिपका उमटला वर, उत्तरेला, माजलगावाजवळ.

मग ती एकेक ओळ वाचत खाली आली, आणि तिला स्वतःचीच ओळ सापडली. पहिल्या दिवशी, सीमा काढायच्या आधी, घाटाचा पाऊस पडद्यावर खालच्या बाजूला दिसला होता, कारण घाट जिल्ह्याच्या दक्षिणेला. नकाशात उत्तर वर असते हे तिला शाळेपासून माहीत होतं. तरी हात थांबला नाही; घाट वर गेला पाहिजे म्हणून तिनं आकड्यांची जाळी उलटी केली. नंतर काढलेल्या सीमा मात्र सुलट्याच राहिल्या.

तिनं फोन लावला. "दादा, आकडे नीट हायेत. मीच उलटे केले."

"कावून?"

"तात्याबांचं मातीतलं रान डोळ्यात बसलंय. घाट वर पाहिजे वाटला."

"मंग पाऊस कुठंय?"

"पाटोद्याच्या घाटावर."

"म्हंजे घराजवळ व्हता. आन् आता हे खरं कशावरून?"

"थांब, विचारते," म्हणून तिनं फोन ठेवला. तिनं पाटोद्याच्या बाजूला दिलेल्या आत्याला, रुक्मिणीबाईंना फोन केला.

"आत्या, तिकडं गवत हाय का?"

"हाय की गुडघ्याएवढं. का गं, चरायला येतीस का?"

परमेश्वर मागं फिरला. वाट सहा मुक्कामांची होती. संगीतानं ग्रुपवर नवा नकाशा टाकला आणि खाली लिहिलं, पहिला चुकला होता, चूक माझी. तिसऱ्या दिवशी भावाचा फोन आला. चार कोकरं गेली होती, दोन थकलेली सामानाच्या घोड्यावर बांधली होती, बाकीची चालत होती.

एवढंच सांगून त्यानं फोन ठेवला. निदान शिव्या तरी द्यायच्या, असं तिला वाटत राहिलं.