अठरा दिवसांत निकाल आणि आमच्या वहिनी

आमच्या वहिनी कामात संथ आहेत, हे मी ऑफिसच्या बैठकीत चारचौघांत बोलून गेलो. त्या तिथेच बसल्या होत्या. घरी भावाने माझ्याशी बोलणं टाकलं. वहिनींनी मात्र मला नेहमीसारखंच जेवायला वाढलं, उलट दुसऱ्यांदा आग्रहही केला.

आम्ही दोघं एकाच ऑफिसात आहोत. वेबसाइटच्या नावांवरची भांडणं सोडवणं हे आमचं काम. साइट ज्या नावाने उघडते ते नाव जगात एकालाच मिळतं. मग काही लबाड मोठ्या कंपनीचं नाव आधीच घेऊन ठेवतात आणि कंपनी आली की तोंडाला येईल ती किंमत सांगतात. कंपनी आमच्याकडे तक्रार करते, आम्ही समोरच्याला नोटीस पाठवतो आणि नाव कोणाचं ते आमचा पंच ठरवतो. याला पूर्वी दोन महिने लागायचे. मी नवी पद्धत बसवून ते अठरा दिवसांवर आणलं. नोटीस आपोआप ईमेलने जाणार, सोळा दिवसांत उत्तर नाही आलं तर पंच एका पानात निकाल देणार, आणि नाव तक्रारदाराचं. साहेबांनी पाठ थोपटली आणि माझे पाय दोन दिवस जमिनीला लागले नाहीत.

घोडं पेंड खात होतं ते वहिनींच्या टेबलाशी. बिनउत्तराची फाइल पंचाकडे पाठवायचं बटण त्यांच्याकडे होतं आणि त्या ते दाबायच्याच नाहीत. आधी त्या माणसाला फोन करायच्या. "नमस्कार, घाबरू नका, पैसे मागायला फोन नाही केलेला," ही त्यांची ठरलेली सुरुवात. त्यांचं म्हणणं, आपली नोटीस अकरा पानांची आणि वकिली भाषेतली. साधा माणूस ती फसवणूक समजून पुसून टाकतो, आणि त्यात त्याचं काय चुकलं? माझं म्हणणं, चोराला उठवून जागं करायचं कशाला? शेवटी तडजोड झाली. फोन दोनदाच करायचा, नाही उचलला तर बटण दाबायचं. वहिनींनी मान डोलावली. त्यांनी मान डोलावली म्हणजे होकार दिला असं नसतं, हे भावाला लग्नापासून ठाऊक आहे. मला तेव्हा नव्हतं.

मग ती फाइल आली. तक्रार स्पीकरसारखी ध्वनियंत्रं बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीची होती. नव्या यंत्राला तिने जे नाव दिलं, त्याच नावाची साइट कुणा एका माणसाकडे होती. उत्तराची मुदत शुक्रवारी पाचची. मुदत संपत आली आणि पुढे काही ठरलेलं नाही, अशी फाइल माझ्या पद्धतीत लाल व्हायची. शुक्रवारी सकाळी ती फाइल माझ्या पडद्यावर लाल दिसली, तसा मी वहिनींच्या टेबलाशी गेलो.

"दोन फोन झाले ना?"

"तीन झाले. भावोजी, तुम्ही ही साइट उघडून पाहिलीत?"

नव्हती पाहिली. माझ्या पद्धतीत कोणी, काय, किती दिवसांत, सगळं होतं; साइट उघडून बघायचं तेवढं नव्हतं. तो माणूस कानाची जुनी यंत्रं दुरुस्त करणारा होता, कंपन्यांनी बनवणं बंद केलेली. खाली लिहिलं होतं, मला स्वतःला ऐकू येत नाही, कृपया फोन करू नका, लिहा नाहीतर या. त्याचं गिऱ्हाईकही तसंच, फोनवर न बोलू शकणारं. अकरा वर्षं ती माणसं याच पानावरून त्याच्यापर्यंत पोचत होती.

वहिनींच्या दोन ईमेलनाही उत्तर आलेलं नव्हतं. त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि पर्स उचलली. मी बरोबर निघालो, म्हणे त्यांना अडवायला. बसमध्ये मी सांगून पाहिलं की आपलं ऑफिस दोघांच्या मधलं, एकाच्या दारात जाणं नियमाला धरून नाही.

त्या म्हणाल्या, "मी त्याची बाजू घ्यायला चालले नाही. त्याला बाजू मांडायचीय का, एवढं विचारायला चाललेय."

दुकान दोन माणसं उभी राहतील एवढं. दार उघडलं की घंटेऐवजी दिवा लागायचा. भिंगाच्या दिव्याखाली एक यंत्र उघडं पडलं होतं, आणि खणांत गिऱ्हाइकांच्या नावाच्या चिठ्ठ्या गुंडाळलेली आणखी कितीतरी. वहिनींनी कागदावर लिहून सगळं सांगितलं. म्हातारा हसला आणि त्याने खाली लिहिलं, असले ईमेल रोज येतात, मी पुसून टाकतो. वहिनींनी ओळखपत्र पुढे केलं. त्याने ते भिंगाखाली धरून वाचलं, आणि त्याचा चेहरा उतरला. त्याने लिहिलं, "नाव गेलं तर ही माणसं मला शोधणार कशी?"

वहिनींनी लिहिलं, "हेच लिहून पाठवा. पाचच्या आत."

आणखी काय लिहू, असं त्याने दोनदा विचारलं. वहिनींनी दोन्ही वेळा नकारार्थी मान हलवली. दोन बोटांनी टाइप करत त्याने पाचला वीस मिनिटं असताना उत्तर पाठवलं.

पंचाने नाव त्याच्याकडेच ठेवलं. मी साहेबांना सगळं सांगून बोलणी खाल्ली, ती खायला हवीच होती. पद्धतीत साइट उघडून बघणं आलं आणि माणूस म्हणेल त्या रीतीने त्याच्यापर्यंत पोचणं आलं. अठराचे तेवीस दिवस झाले.

पण माझी झोप उडाली ती वेगळ्याच गोष्टीने. नवी पद्धत आल्यावर, या फाइलच्या आधी, वहिनी लेकीच्या बाळंतपणासाठी दीड महिना रजेवर होत्या. तेव्हा ते बटण माझ्याकडे होतं आणि एकही फाइल लाल झाली नव्हती. त्या दीड महिन्यात मी पुढे पाठवलेल्या एकतीस फायली काढल्या. यातही कुणी चोर सोडून संन्याशाला फाशी दिली असेल तर तो मीच होतो. निकाल फिरवणं आमच्या हातात नाही, पण कोर्टाची वाट तरी सांगता येते. वहिनी एका शब्दानेही लागेल असं बोलल्या नाहीत. खुर्ची ओढून शेजारी बसल्या.

फोन स्पीकरवर टाकून आम्ही एकेकाला लावू लागलो. पहिले आठ नंबर खोटेच निघाले, म्हणजे लबाडांचे. मला हायसं वाटलं. नववा फोन एका बाईंनी उचलला. जुनी पुस्तकं बांधून द्यायचं काम करायच्या. मी सांगितलं ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"अस्सं होय," त्या म्हणाल्या. "साइट बंद पडली तेव्हा मला वाटलं, माझ्याच हातून काहीतरी बिघडलं. मग मी कामच बंद केलं."

वहिनींनी माझ्या हातातून फोन घेतला.

"नाही हो, ताई," त्या म्हणाल्या, "तुमचं नाही. आमचं चुकलं."