जांभळा सूट

एनिड पर्सलोने उभं आयुष्य इंग्लंडमधल्या वॉलसॉलच्या खोगिरांच्या कारखान्यात शिवणयंत्रावर काढलं. चामड्याला सरावलेले हात ते. पण धाकटा भाऊ रॉय बँडमध्ये गायला लागला, तेव्हा त्याच हातांनी तिने त्याला जांभळ्या सॅटिनचा सूट शिवला आणि वर दोन हजार टिकल्या लावल्या. बोटांची चाळण झाली. बाप हॉरेस, ओतशाळेत जन्म गेलेला माणूस. त्याने रॉयला बजावलं, की हे सोंग घालून दाराबाहेर पडलास तर परत यायचं नाही. रॉय बाहेर पडला. बापाने त्याचं नाव टाकलं.

दोन वर्षांनी, १९७३ साली, एका मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत रेडिओवर सर्वांत खपाच्या गाण्यांची नवी यादी वाचली आणि रॉयच्या बँडचं गाणं एकोणिसावं आलं; टीव्हीवरच्या गाण्यांच्या कार्यक्रमाचं बोलावणंही आलं. कारखान्यातल्या बायकांनी एनिडला मिठ्या मारल्या. घरी मात्र हॉरेसच्या छातीत धूळ साचून डॉक्टरांनी आशा सोडली होती. एनिडने लंडनला फोन केला. "टीव्हीचं आटपलं की घरी ये. बाबांनी एकदा तरी तुला जवळ घ्यायला हवं रे. आणि हे बघ, तोंड धुऊन, साध्या कपड्यांत ये. त्यांना उगाच त्रास नको."

गुरुवारी दिसणारा तो गाण्यांचा कार्यक्रम आदल्या दिवशीच चित्रित होतो, हे धंद्यातल्यांना ठाऊक. हॉरेसला कुठून असणार? एनिडने त्याला उशांना टेकवून बसवलं, दूध-पाव भरवला, टीव्ही लावला. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर सुटाचा जांभळा रंग राखाडी दिसला, याचंच तिला वाईट वाटलं. हॉरेस टक लावून बघत राहिला.

गाणं संपतंय तोच रॉय मागच्या दाराने आत आला. केस टोपीत कोंबलेले, अंगात साधा कोट.

"बाबा, मी आलोय."

हॉरेसचे डोळे तापाने तांबारले होते. "युनियनचा का रे तू? बस. तो बघितलास ना, आत्ता लंडनला गात होता तो? माझा पोरगा आहे."

एनिड काही बोलणार, तर रॉयने तिचा हात दाबला.

"छान गातो हो," तो म्हणाला.

"मीच दार लावलं त्याला. चुकलं माझं." हॉरेसला धाप लागली. "तू सांगू नकोस हं त्याला. आला की मी सांगेन."

शनिवारी हॉरेस गेला. गाणं यादीतून उतरलं, बँड मोडला, रॉय पावाची गाडी चालवू लागला. तो सूट एनिडच्या कपाटात राहिला. तोच अंगावर असता तर बाबांनी ओळखलं असतं, असं ती म्हणे आणि रडे. रॉयने तिला कधी बोल लावला नाही. तेच तिला सोसवत नसे.