गुलाबरावकाकांच्या घरची गमी

समस्त आप्तेष्टांस, शेजाऱ्यांस आणि हे ऐकून ज्यांना धक्का बसणार आहे अशा सर्वांस जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, अकोल्याच्या जठारपेठेत, आमच्या समोरच्या घरात, एका रविवारी सकाळी चहाच्या वेळेस सुलोचना नावाची बाई वारली. तिचं वय, गाव, गोत्र कृपया विचारू नये. ती शेवटून दुसऱ्या प्रकरणात वारली.

घर गुलाबरावकाकांचं. मूळ नांदगाव खंडेश्वरकडचा, कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेला, दारातून वाकून आत येणारा मिशाळ माणूस. काका जाऊन आता दोन वर्षं होतील. ज्यांनी त्यांना पाहिलं नाही त्यांना काका कसे होते हे सांगायचं, तर मला माझ्या पिठल्यापासूनच सुरुवात करावी लागेल.

आम्ही जठारपेठेत नवीनच राहायला आलो होतो. सामानसुद्धा पुरतं लागलं नव्हतं. समोरच्या ओट्यावर हा एवढा दांडगा माणूस खांद्यावर पंचा टाकून, दाढी वाढवून, जमिनीकडे बघत बसलेला. मी विचारलं, "काय झालं काका?"

"गमी झाली, बेटा," एवढंच बोलले.

मयत झालेल्या घरी चूल पेटत नाही, शेजारी भाकर पोचवतात, ही आपल्याकडची रीत. मी खोक्यांतून तवा शोधून काढला, बिनफोडणीचं पिठलं आणि भाकरी केली आणि ओढणी सावरत, चेहरा लांब करून समोर गेले. काकांनी निमूटपणे तीन भाकरी खाल्ल्या. हात धुऊन झाल्यावर मी हळूच विचारलं, "कोण गेलं?"

त्यांनी शेजारची जाडजूड कादंबरी उचलून माझ्यापुढे धरली. "यातले मास्तर. लय सोसलं बिचाऱ्यानं."

मी त्यांच्या बायकोकडे, निर्मलाकाकूंकडे पाहिलं. काकू भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होत्या.

पुढे कळलं की हे नेहमीचंच. कादंबरीतलं मोठं माणूस गेलं की तीन दिवस दाढी नाही, गोड नाही, काकांच्या ताटात फोडणीचं काही नाही. किरकोळ पात्राला एका दिवसाचं सुतक. खलनायक मेला तर नुसती डोक्यावरून आंघोळ. "पापी असला तरी जीवच होता ना," असं वर आम्हालाच ऐकवायचे. काकू म्हणायच्या, "यायची माय गेली तवा डोळ्यातून टिपूस नाही आलं. तेराव्याच्या दुसऱ्या दिशी ड्युटीवर हजर. अन् आता पाह्य, कोनाकोनासाठी रडून रायले."

मीही कादंबऱ्यांची खादाड वाचक. पण माझं वाचणं म्हणजे गाडीच्या खिडकीतून गावं पाहणं. आलं, गेलं. काकांशी मी हुज्जत घालायची, की अहो, ही माणसं लेखकानं बसल्या बसल्या रचलेली असतात. त्यावर ते माझ्याकडे अशा करुणेनं बघायचे, की जणू वेडी मीच आहे.

"सोयरा लग्नात येते, दोन टाइम जेवते अन् जाते," ते म्हणायचे. "हा मानूस चारशे पानं माह्या उशापाशी राह्यला. त्याच्या मनातलं सारं त्यानं मले सांगतलं. मंग सांग, जवळचा कोन?"

एकदा मी कबूल केलं की मी कादंबरीचं शेवटचं पान आधी वाचते. काकांच्या हातातला चहा बशीत सांडला. त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "तू कोनाच्या घरी पाव्हणी गेली, त पयले मसनवटा पाहून येते काय?" त्या दिवसापासून मी ती सवय सोडली. म्हणजे, काकांसमोर सोडली.

हे सगळं गल्लीच्या हसण्यावारी गेलं असतं, पण घरात लग्नाची मुलगी होती. स्नेहल. बँकेत नोकरी, बोलायला मोकळी, बापावर भारी जीव. तिची दोन स्थळं ह्या सुतकांपायी मोडली होती. 'पोरगी चांगली आहे, पण बापाचं डोकं फिरलेलं दिसते,' असा निरोप मध्यस्थामार्फत आला होता. तिसरं स्थळ अमरावतीचं, आणि ह्या वेळेस मुलगा स्नेहलला मनापासून आवडला होता. मला म्हणाली, "मावशी, हे मोडलं ना, तर मी पुन्हा कोणापुढं चहा घेऊन जाणार नाही. आणि बाबांनाही काही बोलता येत नाही मला."

काकूंनी आठवडाभर आधी घरातल्या कादंबऱ्या गोळा करून ज्वारीच्या कोठीत पुरल्या. काकांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला की पाहुणे जाईपर्यंत पुस्तकाला शिवणार नाही. शब्द त्यांनी शनिवारपर्यंत पाळला.

रविवारी मी मदतीला गेले, तर काका बंडीवर, गालावर खुंट, डोळे लाल. काकू कपाळाला हात लावून स्वयंपाकघरात बसलेल्या. "कोठीत कोपरापावतर हात घातला अन् काढली," त्या म्हणाल्या. "सकायीच मेली. कोन सुलोचना हाय म्हणे." तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. माझ्यावर एकच काम सोपवण्यात आलं: काकांच्या शेजारी बसायचं आणि त्यांना तोंड उघडू द्यायचं नाही.

मुलगा, त्याचे वडील, आई. आईच्या कानात फोनचं काहीतरी खुपसलेलं होतं, ते तिनं आत येता येता काढून पर्समध्ये टाकलं. ऐकायला कमी येत असेल असं समजून आम्ही सगळे जरा ओरडूनच बोलत होतो. पोहे आले. सगळ्यांनी घेतले. काकांची प्लेट तशीच.

"भाऊ, तुमी काऊन नाही घेत?" मुलाच्या आईनं विचारलं. "तब्येत बरी नाही काय?"

"उपास आहे त्यांचा," मी म्हणाले.

"खोटं नको बोलू, बेटा," काका म्हणाले. "गमी हाये आमच्या घरी."

मुलाच्या वडिलांचा चमचा तोंडाशीच थांबला. "गमी? अन् सुतकात सोयरीक करून रायले तुमी? कोन गेलं?"

"सुलोचना."

"लांबची आत्या," मी घाईनं म्हणाले. "फारच लांबची."

"आत्या नाही. कादंबरीतली हाये," काका म्हणाले, आणि बसल्या जागी गादीखाली हात घालून त्यांनी ते पुस्तक काढलं, दोन्ही हातांनी टीपॉयवर ठेवलं. पोह्यांच्या शेजारी.

दारात स्नेहल चहाचा ट्रे घेऊन उभी. ती मुलाकडे नाही, बापाकडे पाहत होती. मुलाच्या वडिलांनी प्लेट खाली ठेवली. त्यांची नजर दाराबाहेर काढलेल्या चपलांकडे गेल्याचं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. काकूंनी डोळे मिटून घेतले.

मुलाची आई मात्र पुस्तकाच्या मुखपृष्ठाकडे टक लावून बघत होती. तिच्या तोंडचा रंग उडाला. तिनं छातीवर हात ठेवला आणि नवऱ्याकडे, मुलाकडे न बघता थेट काकांना म्हणाली,

"मेली? अवो भाऊ, मी त हेच पुस्तक गाडीत फोनवर ऐकता ऐकता आत्ता तिचं लगन लावून खाली उतरली."