कापशा झिंगा

माझा स्वभाव आधीच तिखट. भर वर्गात कुणी खोटारडी म्हटलं तर ऐकून घेणारी मी नव्हे. पण त्या दिवशी ऐकून घेतलं, कारण समोर प्राणिशास्त्राचे सर होते आणि त्यांच्या हातात माझी प्रॅक्टिकलची वही होती.

भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहत होता. बाबा उंचावर गर्डर चढवायच्या कामावर. आम्ही नागपूरकडून येऊन कॅम्पात राहिलेलो, आणि आमच्या ओळीतली कॉलेजात जाणारी पहिली पोरगी मी. रोज बसनं दुर्गला जायची. बाबांनी बजावलंच होतं, "वर्ष गेलं का कॉलेज बंद." वहीवर सही नाही तर परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही तर मी घरी. एवढं सरळ होतं.

सरांनी प्रत्येकाला चिरून दाखवायला एक झिंगा आणायला सांगितला होता. आई सुपेल्याच्या बाजारातून झिंगे आणायची. निवडताना काही बाजूला काढायची. जिवंतच असायचे ते, पण अंग काचेसारखं आरपार दिसायच्या ऐवजी कापसासारखं पांढरं. "हे कापशे हायेत. शिजले का पिठूळ होतेत," म्हणायची. मी झिंगा मागितला तर तिनं त्यातलेच दोन माझ्या डब्यात टाकले. चांगले झिंगे रश्श्यात, कापशे कॉलेजात! बसमध्येच ते मेले.

सरांनी ट्रेमध्ये वाकून पाहिलं. "काय गं, घरून शिजवून आणला का? मसाला तेवढा राहिला." वर्ग खो-खो हसला.

"नाही सर, असाच होता."

"शिजल्याशिवाय झिंगा पांढरा होत नाही. खोटं बोलणाऱ्याच्या वहीवर मी सही करत नाही."

त्यांना तरी काय बोलावं! जन्मभर त्यांनी बाटलीतले नमुने पाहिलेले. पाटावर बसून झिंगे निवडायची वेळ त्यांच्यावर कशाला येईल?

घरी येऊन मी रडले. आई खवळली. "रडून कावून राहिली? तू खोटं बोलली का? नाही ना? मंग आता जिताच ने."

पुढच्या बाजाराला ती स्वतः मासे विकणाऱ्या केवटिणीच्या टोपलीशी उकिडवी बसली आणि पांढरे झिंगे शोधू लागली. सगळे चांगला माल बघून घेतात, ही बाई खराब मागते, म्हणून केवटीण तिच्या तोंडाकडे बघतच राहिली. आईनं कडीच्या डब्यात पाणी भरून त्यात ते सोडले. मी डबा मांडीवर घेऊन बसमध्ये बसले. हवा लागावी म्हणून दर थांब्याला झाकण उघडायची. साडी भिजून चिंब झाली.

लॅबमध्ये मी डबा सरांच्या समोरच ट्रेत उलटा केला. पांढऱ्याफटक झिंग्यानं शेपटी अशी आपटली की सरांच्या शर्टावर पाणी उडालं.

"शिजलेला झिंगा उडी मारते का सर?" माझ्या तोंडून निघूनच गेलं.

सरांनी झिंगा चिमट्यात धरला. शेपटीतलं कणभर मांस काढून त्यांनी स्लाइडवर पसरलं, पाण्याचा थेंब टाकला आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. बराच वेळ बघत राहिले. मग उठून म्हणाले, "बघ."

मांसाचे धागे जेमतेम उरले होते. सगळीकडे कण्यांसारखे बारीक, चमकणारे दाणे, त्यांच्या जणू पुरचुंड्या बांधलेल्या. एका पुरचुंडीतले मोजले, आठ. दुसरीत आठ. तिसरीतही आठच! सरांनी कपाटातून जाडजूड पुस्तक काढलं. "मायक्रोस्पोरिडिया," ते म्हणाले. "मांसात घर करणारा परजीवी. हे दाणे त्याचे बीजाणू. आजवर मी फक्त वाचलं होतं."

मग साऱ्या वर्गासमोर म्हणाले, "चूक माझी होती," आणि वहीवर सही केली. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

तो झिंगा त्यांनी बाटलीत ठेवला, चिठ्ठी चिकटवली आणि विचारलं, "हा वेगळा आहे हे कुणी ओळखलं?"

"आईनं."

"शिकलेल्या आहेत?"

"नाही सर. अंगठा लावते."

कुणी हसलं नाही. सरांनी पेन उघडलं. "नाव सांग त्यांचं. पूर्ण."

मी आईचं पूर्ण नाव सांगितलं, शेवटच्या बाकावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.