चादरीचं दुसरं टोक

मुलगी जेऊरहून दुपारच्या गाडीनं येणार होती आणि कपडे धुवायची मशीन फिरत नव्हती.

मागल्या खेपेला तिनं माझ्या अंथरुणावरची चादर नाकाला लावून तोंड वाकडं केलं होतं. "तात्या, पुढच्या बारीला असं दिसलं तर घराला कुलूप लावून तुमाला घेऊनच जाणार." ती बोलते तसं करते. आईवर गेलीय. आईला जाऊन अजून वर्ष झालेलं नाही. मला जेऊरला जायचं नाही. बायको या घरातनं गेली, मीही इथनंच जाणार. दुसरं मागणं नाही.

म्हणून त्या दिवशी नळाला पाणी आलं तशी चादर भिजत टाकली. आमच्याकडं पाणी रोज येत नाही. आलं तेव्हा धुतलं नाही की बसा बोंबलत. आमची चादर कोरडी असतानाच जड, ओली झाली की मढं. पिळायला दोन माणसं लागतात. समोरासमोर उभं राहून एकेक टोक धरायचं आणि दोघांनी आपापल्या उजवीकडं पीळ द्यायचा. ती असा हिसका द्यायची की मी पुढं कोलमडायचो. "अवो, जेवला न्हाय का?" म्हणायची. मशीनच्या सुकवायच्या टाकीत तिनं चादर कधी घालू दिली नाही.

मी घातली. झाकण बसेना तर गुडघ्यानं दाबून बसवलं. बटण फिरवलं. आतनं नुसता घूं घूं आवाज. टाकी जागची हलेना.

भिंतीवरनं शेजाऱ्यानं मुंडकं काढलं. तेलुगू विणकर. मी कारखान्यात जॉबर होतो, माग दुरुस्त करायचो, तेव्हा तो तिथंच मागावर होता.

"जॉबर, काय मेलं?"

"मशीन."

"आण की चादर हिकडं. मी धरतो एक टोक."

"तू तुझं काम कर."

ते टोक तिचं होतं. दुसऱ्याच्या हातात द्यायला जीव होईना.

मागाची सवय, म्हणून आधी वाटलं पट्टा तुटला. मागची पाठ खोलली. पट्टा धुवायच्या बाजूला होता आणि धडधाकट होता. सुकवायच्या टाकीला पट्टाच नाही, खाली सरळ मोटर. तिचा जळका वास यायला लागला. मी हात आत घालणार, तेवढ्यात तो भिंतीवरनं ओरडला, "आरं, बोर्डातली पिन काढली का? का तुला बी जायचंय तिच्या मागं?"

काढली नव्हती. काढली. वर गाडीची वेळ होत आलेली.

चादर उपसली, झाकण लावून मागनं टाकी हातानं ढकलली. गच्च. म्हणजे मोटर मेली नव्हती, ब्रेक धरून बसला होता. झाकण लावलं की एक तार ओढली जाते आणि ब्रेक सुटतो. ती तारच आकड्यातनं निसटली होती. माझ्या गुडघ्याचा प्रताप. पकडीनं तार परत अडकवली. आता टाकी बोटानं फिरायला लागली.

एवढ्यावर थांबायचं ना? पिन लावली, तीच चादर परत आत कोंबली. मशीन फिरली, आणि धाडधाड आपटत मोरीकडं चालायला लागली. मी मिठी मारून तिला धरली, बटण बंद केलं. चादर एका बाजूला गोळा होऊन बसलेली. पाणी तसंच.

दारात मुलगी उभी. हातात पिशवी. खाली स्क्रू, पाणी, माझा ओला सदरा.

"हे काय चाललंय, तात्या?"

"मशीन दुरुस्त केली."

"दिसतंय की." तिनं चादरीकडं बघितलं. "आज मी धरीन. मी गेल्यावर दुसरं टोक कोन धरणार?"

पिशवी अजून तिच्या हातातच होती. मी भिंतीकडं तोंड करून हाक मारली, "ये रे हिकडं."

तो लुंगी खोचत आला. टोक धरलं आणि डावीकडं पिळायला लागला. चादर नुसती गोल फिरली.

"उजवीकडं, गाढवा."

"तुझ्या बायकोनं मला शिकवलं न्हवतं."

मग पीळ बसला. पाणी धो धो गळलं. त्याला हिसका काही देता येत नाही. मीच तिच्यासारखा दिला, तर म्हातारा पडता पडता राहिला आणि मला शिव्या घालायला लागला.

मुलीनं पिशवी खाली ठेवली. कुलपाचं काही बोलली नाही. आत भाकरी टाकायला जाताना म्हणाली, "आदी ती पिन काडा."

परत तशीच राहिली होती.